तीन बाणांची अंगाई : व्हिडिओ गेमवरून साधा टॅटू ठरवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या व्यक्तीला 'स' म्हणू. वय तिशीतलं, अंगावर आधी एकही टॅटू नाही. लहानपणीच्या आवडत्या व्हिडिओ गेमची एखादी खूण गोंदवून घ्यायची, असं बरीच वर्षं तिच्या मनात होतं. अट एकच होती : छोटं हवं, साधं हवं. मी टॅटू कलाकार नाही. बोधचिन्हं आणि छोटी रेखाचित्रं काढणं हा माझा धंदा. तिने माझ्याकडे आणलेलं काम होतं, तयार चित्र 'जरा नीट करून' देण्याचं. ते तेवढ्यावर थांबलं नाही, म्हणून हे टिपण. तिच्या परवानगीने लिहिलं आहे, आणि तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

खेळ होता निन्टेन्डोचा 'द लेजेंड ऑफ झेल्डा : ऑकॅरिना ऑफ टाइम'. नोव्हेंबर 1998 मध्ये तो निन्टेन्डो 64 या यंत्रावर आला. यातला नायक लिंक तलवार चालवतोच, पण निम्मी दारं तो एका फुंकवाद्याने उघडतो. ऑकॅरिना म्हणजे पोटाला फुगीर, हातात मावणारं, भोकांवर बोटं ठेवून वाजवायचं वाद्य. खेळात ते पाच बटणांवर वाजतं : एक निळं ए-बटण आणि चार पिवळी सी-बटणं, ज्यांवर वर, खाली, डावा, उजवा असे बाण आहेत. प्रत्येक बटणाचा एक सूर. ठरावीक क्रमाने बटणं दाबली की गाणं पुरं होतं आणि काहीतरी घडतं : पाऊस पडतो, रात्रीचा दिवस होतो, घोडी धावत येते.

'स'चा मोठा भाऊ हा गेम खेळायचा आणि ती शेजारी बसायची. कंट्रोलर तिच्या वाट्याला क्वचितच यायचा.

अडचण

तिने आणलेल्या चित्रात सगळंच होतं. मध्ये ट्रायफोर्स, म्हणजे या मालिकेतले ते तीन सोनेरी त्रिकोण. त्यामागे उभी तलवार, दोन बाजूंना पंख, खाली ऑकॅरिना, आणि तळाला खेळातल्या हायलियन लिपीत तिचं नाव. हे सगळं तिला मनगटाच्या आतल्या बाजूला, चार सेंटिमीटरांत बसवायचं होतं. तिच्या मते हे साधंच होतं, कारण त्यात रंग नव्हते.

मी चित्र चार सेंटिमीटरांवर छापून तिच्यासमोर ठेवलं. तलवारीचा काटा झाला होता, पंखांची झाडणी झाली होती, नावाची रेघ. कागदावर ही अवस्था, तर त्वचेवर याहून बिकट. शाई त्वचेच्या वरच्या थरात राहत नाही, कारण तो थर काही आठवड्यांत झडून नवा येतो. सुई ती खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल सोडते. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी रंगाचे कण गिळून बसतात. त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. उंदरांवरच्या 2018 सालच्या एका फ्रेंच संशोधनात हे नीट दाखवलं गेलं. म्हणजे टॅटू टिकतो तो शाई तिथे गोठून बसते म्हणून नव्हे, तर ती सतत हातोहात सांभाळली जाते म्हणून. या देवघेवीत, आणि त्वचा वर्षानुवर्षं ताणली-आकसली गेल्याने, रेघ रुंदावते आणि कड मऊ होते. आज एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटरवर असलेल्या दोन रेघा पुढे एक होतात.

तेव्हा अडचण दुहेरी होती. चार सेंटिमीटरांत काय मावतं हा एक भाग. दुसरा भाग असा, की चित्रात खेळाची सगळी ओळखपत्रं होती, पण 'स' कुठेच नव्हती. लिंकचं सामान होतं ते. दुसरा भाग मला जास्त खटकत होता, पण बोलायला सुरुवात पहिल्या भागापासून केली, कारण कुणाच्या आवडीवर बोट ठेवण्यापेक्षा मोजपट्टीवर बोट ठेवणं सोपं असतं.

विचारात घेतलेले पर्याय

चित्रातली एकेक वस्तू सुटी करून पाहायची, असं ठरलं. एकच चिन्ह, काळ्या शाईत, तीन-चार सेंटिमीटर.

ट्रायफोर्स अर्थातच पहिला. भूमितीच्या दृष्टीने त्याला तोड नाही : तीन भरीव त्रिकोण, मध्ये त्वचेचाच उलटा त्रिकोण. दोन सेंटिमीटरांतही स्पष्ट राहतो आणि दहा वर्षांनीही ओळखू येईल. त्याला खेळाबाहेरचाही इतिहास आहे. जपानच्या होजो घराण्याचं 'मित्सुउरोको', म्हणजे तीन खवल्यांचं कुलचिन्ह, जवळजवळ असंच दिसतं. यात आक्षेपार्ह काही नाही, फक्त माहीत असलेलं बरं. 'स'चा नकार वेगळ्या कारणाने आला. "हा सगळ्यांकडे असतो," ती म्हणाली. मला हे कारण फारसं पटत नाही, कारण दुसऱ्याच्या हातावर तेच चिन्ह असल्याने आपली आठवण पातळ होत नाही. पण अंग तिचं होतं, आणि 'सगळ्यांकडे असतो' याचा खरा अर्थ 'हा माझा वाटत नाही' असा होता, हे पुढे कळलं.

ऑकॅरिनाची बाह्यरेषा काढून पाहिली. खेळातलं वाद्य निळं असतं आणि त्याच्या तोंडाशी ट्रायफोर्स कोरलेला असतो. रंग आणि ती कोरणी काढली की उरतं ते रताळं. भोकांचे ठिपके घातले तर मासा. वस्तू ओळखीची नसेल तर तिच्या बाह्यरेषेने काम होत नाही, आणि ऑकॅरिना फार कमी लोकांनी पाहिलेली असते.

खेळातल्या शीका जमातीचं डोळ्याचं चिन्ह तिला फार आवडायचं : वर तीन टोकदार पापण्या, खाली एक थेंब. तीन सेंटिमीटरांत बुबुळ, पापण्या आणि थेंब यांच्यामध्ये मोकळी जागाच उरत नव्हती. मोठा केला असता तर जमला असता, पण मोठं तिला नको होतं.

लिपीचा पर्याय मोहात पाडणारा होता आणि बहुतेक चाहते इथेच फसतात. 'हायलियन लिपी' अशी एक लिपी नाहीच. मालिकेतल्या वेगवेगळ्या खेळांत वेगवेगळ्या लिप्या आहेत. 'ऑकॅरिना ऑफ टाइम'मधली लिपी जपानी अक्षरमालेवर बेतलेली, तर नंतरच्या काही खेळांतल्या लिप्या रोमन अक्षरांच्या जागी अक्षर अशा चालतात. तिच्या चित्रातलं नाव दुसऱ्याच खेळाच्या लिपीत होतं. कुठल्या तरी अक्षरतक्त्यावरून ते कुणीतरी उतरवलं होतं आणि तपासलं कुणीच नव्हतं.

खेळातल्या गेरुडो टोळीचं चिन्हही यादीत होतं, तिने जुन्या ढालीवरून उतरवलेलं. मूळ खेळात त्या ढालीवर चंद्रकोर आणि तारा आहे. धार्मिक चिन्हाशी असलेल्या साम्यामुळे निन्टेन्डोने नंतरच्या आवृत्त्यांत ते बदललं. करणाऱ्यांनीच मागे घेतलेली खूण आपण कायमची अंगावर का घ्यावी? हा पर्याय बोलता बोलताच गेला.

पिक्सेलचं लाल हृदय तिने शेवटी सुचवलं, बहुधा थकून. जुन्या निन्टेन्डो यंत्रांवर चित्रं आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनत. असं हृदय दोन सेंटिमीटरांत काढलं तर एकेक ठिपका अडीच मिलिमीटरांचा होतो, आणि तेवढ्या कोपऱ्यांची धार काही वर्षांत बोथट होते. मग पिक्सेल हृदयाचं साधं हृदय उरतं. लाल शाईला त्वचेची प्रतिक्रिया इतर रंगांपेक्षा जास्त वेळा येते, हाही मुद्दा होता. पण मुख्य गोष्ट ही, की 'ऑकॅरिना ऑफ टाइम'मध्ये हृदयं पिक्सेलची नाहीतच. ती तिच्या खेळातली आठवण नव्हती, सर्वसाधारण गेमिंगची होती.

पहिला निर्णय : प्रश्न बदलणं

पर्याय संपत आले तेव्हा मी विचारलं, "दादा खेळायचा तेव्हा तू नेमकं काय करायचीस?"

ती म्हणाली, "मी बटणं सांगायचे."

भावाला गाण्यांचे क्रम लक्षात राहत नसत. खेळातच यादी उघडून ते पाहता येतात, पण त्याला तेवढा धीर नसे. मग शेजारी बसलेली ही मुलगी ओरडायची : डावा, वर, उजवा, डावा, वर, उजवा. ही झेल्डाची अंगाई. राजकन्या झेल्डाची दाई इम्पा ती लिंकला शिकवते, आणि राजघराण्याशी आपलं नातं आहे हे सिद्ध करायला तो ती जागोजागी वाजवतो. धबधब्यासमोर वाजवली की पाणी बाजूला होतं आणि झोरा लोकांच्या वस्तीची वाट मोकळी होते. ही धून याच मालिकेतल्या 1991 च्या 'अ लिंक टू द पास्ट'मध्ये आधी आली होती आणि संगीतकार कोजी कोन्दो यांची आहे. 2011 च्या 'स्कायवर्ड स्वॉर्ड'मधलं देवीचं गीत म्हणजे हीच अंगाई उलटीकडून वाजवलेली. हे सगळं 'स'ने मला न थांबता सांगितलं. ट्रायफोर्सबद्दल बोलताना तिचा असा सूर लागला नव्हता.

इथून पुढे डिझाइन जवळजवळ स्वतःहून आलं. तीन त्रिकोण : एकाचं टोक डावीकडे, एकाचं वर, एकाचं उजवीकडे. ते तिने सांगितलेले शब्द होते आणि दाबलेली बटणंही होती. शिवाय त्रिकोण तीनच, त्यामुळे ज्याला ट्रायफोर्स पाहायचा त्याला तोही दिसतो.

दुसरा निर्णय : रिमोट होऊ न देणं

तिने पहिलं रेखाटन भावाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं : "टीव्हीच्या रिमोटची बटणं का गोंदवतेयस?"

तो बरोबर होता. एका ओळीत ठेवलेले डावा आणि उजवा त्रिकोण म्हणजे जगभरात 'मागे न्या' आणि 'चालू करा'. मधला वरचा बाण त्या अर्थाला पुरेसा अडवत नाही. चित्र खेळातून घेतलेलं असलं तरी पाहणारा ते स्वतःच्या रोजच्या ओळखीतूनच वाचणार.

यावर तीन उपाय पुढे आले. त्रिकोणांभोवती वर्तुळं काढायची, म्हणजे ती बटणं दिसतील. पण मग रिमोट पक्काच झाला असता, आणि गोंदताना एक सेंटिमीटरचं वर्तुळ हे सगळ्यांत अवघड काम : जराशी चूकही डोळ्यांत भरते, आणि हात हलला की ते लंबगोल होतं. दुसरा उपाय, मागे पाश्चात्त्य स्वरलिपीच्या आडव्या रेघा टाकायच्या. खेळात गाणं वाजवताना पडद्यावर त्या दिसतात. पण बारीक, समांतर, सरळ रेघा हाताच्या गोलाईवर सरळ राहत नाहीत आणि पुढे पसरतात.

तिसरा उपाय रेघांवाचून त्याच गोष्टीकडे नेणारा होता. खेळात त्या बाणांना सूर आहेत, पाश्चात्त्य नावांनी सांगायचं तर : डावा म्हणजे बी, वरचा म्हणजे त्याच्या वरचा डी, उजवा म्हणजे ए. स्वरलिपीत डी हा बीपेक्षा दोन पायऱ्या वर बसतो आणि ए एक पायरी खाली. मग त्रिकोण त्याच उंचीवर ठेवायचे. प्रत्येक त्रिकोण नऊ मिलिमीटर, पायरी तीन मिलिमीटरची : मधला सहा मिलिमीटर वर, शेवटचा तीन मिलिमीटर खाली. दोन त्रिकोणांमध्ये सहा मिलिमीटर मोकळी त्वचा. सगळं मिळून जेमतेम चार सेंटिमीटर रुंद आणि दोनपेक्षा कमी उंच.

चढ-उतार आल्याबरोबर रिमोट नाहीसा झाला. आता ती तीन बटणं एका ओळीत नव्हती, त्यांना चाल होती. या प्रकरणात मला सगळ्यांत समाधान देणारा टप्पा हाच, कारण काहीही न वाढवता, फक्त जागा बदलून प्रश्न सुटला.

याच सुमारास एक खाचखळगा समोर आला, तोही भावामुळेच. या खेळाची 2011 साली निन्टेन्डो थ्रीडीएससाठी नवी आवृत्ती आली. त्या यंत्रावर सी-बटणं नाहीत, त्यामुळे तिथे हीच अंगाई एक्स, ए, वाय अशी वाजते. ज्यांनी फक्त ती आवृत्ती खेळली आहे त्यांना बाणांवरून काही कळणार नाही. 'स'ला याचं काही वाटलं नाही, कारण तिच्या ओरडण्यात एक्स-वाय कधीच नव्हतं. पण चाहत्यांनी ओळखावं हाच हेतू असलेल्या माणसासाठी हा मुद्दा निर्णय फिरवणारा ठरला असता.

तिसरा निर्णय : रंग

सी-बटणं पिवळी होती, म्हणून तिला पिवळे त्रिकोण हवे होते. इथे टॅटू कलाकाराने स्पष्ट नाही म्हटलं, आणि कारणही दिलं. शाई त्वचेच्या रंगद्रव्याच्या खाली असते. आपण ती त्या रंगद्रव्यातून, जणू रंगीत काचेतून, पाहतो. 'स'च्या सावळ्या त्वचेवर पिवळा सुरुवातीला जेमतेम दिसला असता आणि पुढे मळकट डाग वाटला असता. पुढे कधी काढून टाकायची वेळ आली तर लेझरला काळा रंग सगळ्यांत सोपा जातो आणि पिवळ्यासारखे रंग दाद देत नाहीत. चर्चा इथेच संपली. काळे, भरीव त्रिकोण.

नुसत्या बाह्यरेषेचे त्रिकोण दिसायला जास्त नाजूक असतात हे खरं. पण नऊ मिलिमीटरच्या पोकळ त्रिकोणात रेघ थोडी जरी हलली तरी दिसते. भरीव आकार वयाबरोबर शोभून मऊ होतो.

चौथा निर्णय : जागा आणि दिशा

मनगटाचा हट्ट सोडायला तिला वेळ लागला. शेवटी तिला पटवलं ते तिच्याच हाताने. मनगटावर पेनाने तीन त्रिकोण काढले आणि तळहात उलटा-सुलटा केला. तळहात फिरतो तेव्हा मनगटाजवळची त्वचा त्याच्याबरोबर वळते, त्रिकोण तिरपे होतात, ओळ पिळवटते. कोपराकडे जावं तसा हा पीळ कमी होतो. फूल किंवा पान असतं तर कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण भूमितीला पीळ सोसत नाही. म्हणून हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या घडीपासून चार बोटं खाली ही जागा ठरली. अगदी घडीवर नाही, कारण तिथे त्वचा सतत दुमडते आणि जखम नीट भरत नाही.

दिशेवरून खरी चर्चा झाली. ओळ हाताच्या आडवी बसणार होती. मग वरची बाजू कोपराकडे की तळहाताकडे? बहुतेक कलाकारांचा शिरस्ता असा, की हात खाली सोडलेला असताना समोरच्याला चित्र सुलटं दिसावं, म्हणजे वरची बाजू कोपराकडे. पण मग ती स्वतः हात पुढे धरून पाहील तेव्हा तिला ते उलटं दिसेल : डावा, खाली, उजवा. ते अंगाईचे सूरच नव्हेत.

तिचं म्हणणं, टॅटू माझा आहे, मला सुलटा दिसावा. कलाकाराचं म्हणणं, फोटोत आणि आरशात कायम उलटा दिसलेला तुम्हाला चालेल का, ते आधी बघा. दोन्ही बाजूंचे तात्पुरते टॅटू छापून ती काही दिवस ते लावून फिरली. तिच्याकडे तोंड केलेल्या चित्राचं काय झालं, तर समोरच्यांना मधला बाण खाली दिसायचा आणि जो तो विचारायचा, "हे डाउनलोडचं चिन्ह का?" तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर तिने बाजू बदलली.

एक गंमत या चाचणीत कळली. आरशात पाहिलं तरी क्रम डावा, वर, उजवा असाच दिसतो, कारण डावा आणि उजवा बाण एकमेकांची आरशातली रूपं आहेत. फक्त पायऱ्यांची उंची अदलाबदल होते.

माझं मत या बाबतीत आजही तिच्याशी जुळत नाही. चिन्ह जर तिच्या आठवणीसाठी होतं, तर डाउनलोड म्हणणाऱ्यांना म्हणू द्यायचं होतं. पण रोज तोच प्रश्न ऐकणारी ती होती, मी नव्हतो.

प्रत्यक्ष कृती

कलाकार निवडताना तिने एक गोष्ट फार चांगली केली : ताज्या कामाचे नव्हे, तर वर्ष-दोन वर्षं जुन्या, पूर्ण बरे झालेल्या भरीव काळ्या कामाचे फोटो मागितले. ताजा टॅटू प्रत्येकाचाच देखणा असतो. एकाने असे फोटो नसल्याचं सांगितलं. दुसऱ्याने दाखवले आणि त्यातलं एक जरा विरळ पडलेलं कामही लपवलं नाही. तिने त्याला निवडलं. सुया एकदाच वापरून फेकायच्या, समोर फोडलेल्या पाकिटातल्या, शाई छोट्या टोपीत वेगळी काढलेली, हातमोजे, ही तपासणी तिने यादी करून केली.

गोंदायच्या दिवशी स्टेन्सिल, म्हणजे त्वचेवर आधी उमटवायचा आराखडा, पहिल्यांदा टेबलावर हात ठेवून उमटवलं गेलं आणि ती उभी राहिल्यावर ते तिरपं निघालं. ते पुसून, तिला उभं करून, हात सैल सोडायला लावून पुन्हा उमटवलं. मग तिने आरशात पाहिलं, हात फिरवला, दोन मीटर अंतरावरून फोटो काढून घेतला, आणि तेव्हाच होकार दिला. सुई लागल्यानंतरचा वेळ या तयारीपेक्षा कमी होता.

भरून येण्याच्या काळात सूचना नेहमीच्याच : पाण्यात बुडवायचं नाही, उन्हात न्यायचं नाही, खपली ओढायची नाही. वरची त्वचा दोन-चार आठवड्यांत भरते, आतली त्यानंतरही भरत राहते. एका रात्री झोपेत बाहीला चिकटून उजव्या त्रिकोणाची खपली वेळेआधी निघाली.

निष्पत्ती

डावा आणि मधला त्रिकोण गडद आणि एकसारखे भरले. उजव्याचा खालचा कोपरा फिकट राहिला. दोन महिन्यांनी कलाकाराने तो पुन्हा भरला. आता जवळून बोट ठेवून दाखवल्याशिवाय फरक कळत नाही.

बहुतेकांना तिथे 'काहीतरी बाण' दिसतात. रिमोट कुणी म्हणालं नाही. एका सहकाऱ्याने तो पाहून न बोलता पहिले तीन सूर गुणगुणले, आणि त्या दिवशीचा तिचा फोन मला आला तेव्हा तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आई-वडिलांना तिने 'संगीताचं चिन्ह' असं सांगितलं आहे, जे खोटंही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

भाऊ या गोष्टीत फार उशिरा आला. ज्याच्याबरोबर आठवण घडली त्या माणसाला पहिल्या दिवशी विचारलं असतं, तर यादीतली निम्मी चिन्हं काढायची गरज पडली नसती. बटणं कोण सांगायचं हे त्याने लगेच सांगितलं असतं. रिमोटची शंकाही आधीच कळली असती. चाहत्याला स्वतःच्या डिझाइनमध्ये खेळच दिसतो. खेळ न खेळलेल्या दोघा-तिघांना 'हे काय आहे?' एवढंच विचारायला हवं होतं.

तात्पुरते टॅटूही फार उशिरा वापरले, फक्त दिशेच्या वादापुरते. मनगट की कोपर, पोकळ की भरीव, नऊ मिलिमीटर की बारा, हे सगळं त्यांनीच स्वस्तात ठरवून दिलं असतं. त्याऐवजी यातलं बरंच कागदावर आणि बोलण्यात झालं. नऊ मिलिमीटर थोडे लहान झाले असं आता तिला वाटतं. मला तसं वाटत नाही, पण हातावर लावून न पाहिल्यामुळे आमच्यापैकी कोण बरोबर हे आता ठरणार नाही.

चर्चेत एक गोष्ट जवळजवळ सुटून गेली, ती म्हणजे संख्या. अंगाई सहा बटणांची आहे, तीन सूर दोनदा. खेळात फक्त तीन दाबून थांबलं तर काहीच घडत नाही, धबधबा तसाच वाहत राहतो. भावाने पूर्ण झालेला टॅटू पाहून पहिलं वाक्य हेच म्हटलं : "अगं, अर्ध्यावर सोडलंस." सहा त्रिकोण एका ओळीत घेतले असते तर रुंदी साडेआठ सेंटिमीटरांच्या आसपास गेली असती, ओळ हाताला वळसा घालून दोन्ही टोकांना नजरेआड झाली असती. दुसरी ओळ पहिलीच्या खाली घेता येते. जागा आहे, आणि ती योगायोगाने नाही : 'स'ने स्टेन्सिल लावताना मुद्दाम ते थोडं वर सरकवून घेतलं होतं, कारण न सांगता.

कलाकाराचं म्हणणं, दुसरी ओळ भरायची असेल तर फार उशीर करू नका, कारण जुना मऊ पडलेला काळा आणि नवा काळा शेजारी आले की फरक डोळ्यांत येतो. भावाला ती हवी आहे. 'स'ने अजून ठरवलेलं नाही.